पोत्यातला सुपरचार्जर

आमच्या मंगळवार पेठेत ज्याला काही म्हणून ठरवता येत नसेल, तो अण्णांच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन उभा राहायचा. फ्रीज कुठला घ्यावा, पोरीला सायन्सला घालावं का कॉमर्सला, भावकीतल्या लग्नाला जावं का नुसता आहेर पाठवावा. अण्णा हातातल्या तांब्यावर गिऱ्हाइकाचं नाव कोरत असायचे. मान वर न करता ते सगळं ऐकून घ्यायचे आणि नाव कोरून व्हायच्या आत निकाल द्यायचे. "घेऊन टाक की! त्याला काय कलेक्टरची परवानगी लागती व्हय?" किंवा, "न्हाय म्हणून सांग जा, आणि मागं वळून बघू नको." तिसरं उत्तर त्यांच्याकडं नव्हतंच.

माझं लग्नही त्यांनीच ठरवलं. दोन स्थळं आली होती, दोन्ही चांगली. मी आपला आठवडाभर तोंड पाडून फिरत होतो. अण्णांनी विचारलं, "तू गेलतास तवा जोरात कोण हसली?" मी म्हटलं, दुसरी. "मग तीच कर. घरात आवाज पायजे." आवाज आहे. अजून आहे. माझी काही तक्रार नाही, आणि असली तरी ती सांगायला आता अण्णा नाहीत. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. अजूनही काही अडलं की पाय त्या दुकानाकडं वळतात, आणि मग मला फार वाईट वाटतं. हे एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं रडगाणं नको.

अण्णांना प्रत्येक वस्तू वाजवून बघायची सवय होती. हंडा वाजवायचे, ते धंद्याचंच होतं. पण कलिंगड, दरवाजा, बँकेतलं काउंटर, नवीन टाकलेली फरशी, सगळ्यावर बोटाची पेरं आपटायचे आणि कान तिरका करायचे. माझं चष्म्याचं दुकान त्यांच्या समोरच. उद्घाटनाला आले तर काचेचं शोकेस असं वाजवलं, की माझ्या काळजाचं पाणी झालं. "बरं हाय," म्हणाले. "पर तू जरा पोकळ वाजतोयस, डाक्टर. जेवत जा." मी डॉक्टर नाही, नुसता चष्मे करतो, हे मी त्यांना सांगून सांगून दमलो. त्यांनी एकदा डॉक्टर ठरवलं म्हणजे ठरवलं.

तर अशा माणसाला स्वतःच्या जीपला सुपरचार्जर बसवायचा का नाही, हे वर्षभर ठरवता आलं नाही. पेठेला ते आश्चर्य वाटायचं. काही जणांना तर आनंदच झाला होता.

जीप जुनी, पेट्रोलवरची, चारही चाकं ओढणारी. रंग मूळचा कुठला होता ते काकींनाही, म्हणजे अण्णांच्या बायकोलाही, आठवत नव्हतं. पावसाळ्यातल्या दर रविवारी आमची चिखलवाल्यांची टोळी गगनबावड्याच्या वाटेवर एका ओळखीच्या माणसाच्या माळावर जमायची. पावसानं झोडपलेला डोंगर, लाल राड, आणि त्यात गाड्या घालून वर चढवायच्या. खुळ्याचा धंदा, दुसरं काय! कपडे धुताना बायका काय काय बोलायच्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिथं एक चढण होती, तिला आम्ही 'हेडमास्तर' म्हणायचो, कारण तिच्यापुढं भल्याभल्यांची मान खाली जायची. चढणीला वरच्या टोकाशी एक वळण. चालवणाऱ्याच्या उजव्या हाताला पुढं आलेला काळा खडक, डाव्या हाताला पाण्यानं कापलेला खोल ओघळ. त्या दोहोंच्या मधून गाडी काढायची.

अशा जागी गाडी चालवणाऱ्याला आपली चाकं दिसत नाहीत. समोर आभाळ आणि बॉनेट, एवढंच. म्हणून एक माणूस वर उभा राहून हातानं आणि तोंडानं वाट दाखवतो. अण्णांच्या गाडीपुढं हे काम काकींचं. पिवळा रेनकोट, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, पायात पोराचे जुने बूट, आणि आवाज असा की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठावीत. "उजवं घ्या! अजून! आता सोडा! अवो, सोडा म्हटलं की!" टोळीतला जो तो म्हणायचा, काकी, आमच्यापुढं पण उभ्या राहा. काकी राहायच्या. त्या पिवळ्या रेनकोटवर भरवसा ठेवून आमची निम्मी टोळी हेडमास्तर चढली होती.

मी गाडी चालवत नाही. मला अण्णा मागच्या सीटवर बसवायचे, वजन म्हणून. "पोतं टाकण्यापरीस तू बस, गप्पा तरी हुतील."

पुढं पुढं अण्णांची जीप हेडमास्तर चढेनाशी झाली. खालून झकास निघायची, वळणाशी पोचायची आणि तिथं घुरघुरून थांबायची. अण्णा हँडब्रेक ओढून खाली उतरायचे, बॉनेटवर पेरं आपटायचे आणि सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं सांगायचे, "दम न्हाय इंजिनात! म्हातारं झालंय बेणं!" मग गाडी मागं मागं खाली. दर रविवारी हेच.

पोपटराव म्हणून आमच्यात एक होते. शिरोलीला फौंड्री, मोठ्या मनाचे, आणि कुणाला अडचण आहे म्हटलं की त्यांना झोप यायची नाही. त्यांनी स्वतःच्या जीपला सुपरचार्जर बसवला होता. "अण्णा, सोपं हाय ओ. हे यंत्र इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतंय आणि बाहेरची हवा दाबून आत कोंबतंय. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. आणि ती बी पाय ठेवल्या ठेवल्या. बसवून टाका की!"

अण्णांचंच वाक्य अण्णांना ऐकवलं. आम्ही सगळे हसलो. अण्णा मात्र म्हणाले, "बघू."

अण्णा 'बघू' म्हणाले! मी त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

आता हे 'बघू' कशामुळं, ते सांगतो. त्याच्या आधी काकी एकदा एकट्याच माझ्या दुकानात आल्या होत्या. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणाल्या. मी समोरची अक्षरं वाचायला दिली, सगळी खडखडीत वाचली. पण बाजूनं माझ्या बायकोनं चहाचा कप पुढं केला, तो त्यांना दिसलाच नाही. हात लागून कप खाली. मला शंका आली, मी त्यांना बळेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. काचबिंदू निघाला. समोरचं नीट दिसतं, बाजूचं हळूहळू मिटत जातं, आणि गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकवायला औषधाचे थेंब घालायचे, बास. काकी परत दुकानात आल्या आणि माझं मनगट धरून म्हणाल्या, "ह्यांना सांगायचं न्हाय. कळलं तर मला गाडीत बसवून ठेवतील. मी काय पोतं हाय व्हय?" मी पोत्याच्याच जागी बसतो, हे त्या विसरल्या असाव्यात. मी शपथ घेतली.

त्याच आठवड्यात अण्णा आले. इकडं तिकडं बघितलं, शोकेस वाजवलं नाही, त्यावरनंच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. "डाक्टर, तिला बाजूचं दिसत न्हाय. थेंबाची बाटली तांदळाच्या डब्यात लपीवती. मला ठावं हाय हे तिला कळता कामा न्हाय. तिला तिथनं उतरवलं तर ती घरात बी बसून राहील. मी वळखतो तिला. शपथ घे." घेतली. आता नवराबायको दोघांची एकाच गोष्टीची शपथ माझ्या गळ्यात. दोघांकडं जेवायला गेलो की मी नुसती भाकरी मोडत खाली बघायचो. काकी विचारायच्या, "काय रं, रस्सा तिखट झालाय?"

मग मला हेडमास्तरचं गणित उलगडलं. मागं बसून मी अण्णांच्या पायाकडं बघितलं. काकींना समोरचा खडक दिसायचा, बाजूचा ओघळ दिसायचा नाही. म्हणून त्या गाडीला खडकापासून लांब करायला ओरडायच्या, "डावं! डावं!" आणि डावीकडं तर ओघळ. अण्णा स्टिअरिंग इमानानं थोडं डावीकडं करायचे आणि गुपचूप पाय उचलायचे. गाडी तिथंच थांबायची. दुसऱ्यांच्या गाड्या आल्या की अण्णा काकींच्या मागं उभे राहून हातानं खरी वाट दाखवायचे. उजवीकडं वळवून चढले असते तर काकींना कळलं असतं की आपलं चुकलं. डावीकडं गेले असते तर सगळ्यांनाच कळलं असतं. म्हणून दर रविवारी बिचाऱ्या इंजिनानं बदनामी सोसली. ठणठणीत होतं हो ते!

आणि सुपरचार्जर म्हणजे तर चुगलखोर यंत्र. त्याची एक शिट्टी असते. पाय दाबला की शिट्टी चढते, उचलला की पडते. तो बसवला की 'दम न्हाय' म्हणता येत नाही, आणि पाय काढला तर खाली उभ्या असलेल्यांनाही ऐकू जातं. अण्णांचं अडलं होतं ते इथं. पोपटरावांना वाटत होतं, म्हातारा खर्चाला भितोय.

म्हणून पोपटरावांनी खर्चाचाच प्रश्न मिटवला. कुणीतरी मोडीत काढलेल्या जीपचा सुपरचार्जर मिळवला, आपल्या फौंड्रीत साफसूफ करून घेतला, आणि गणपतीच्या आधी एका पोत्यात घालून अण्णांच्या सोप्यात आणून ठेवला. "आमच्याकडनं भेट. मिस्त्री बी माझाच. तारीख तेवढी सांगा."

काय म्हणणार? अण्णांनी पोत्यावर पेरं आपटली आणि कारणं सुरू केली. गणपतीत इंजिन उघडायचं व्हय? गणपती झाले, पितृपंधरवडा लागला; नवी वस्तू पितरांत कोण बसवतंय? मग नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची आणि गाड्यांची पूजा असते. अण्णांनी तराजू, हातोडी, नाव कोरायची लेखणी मांडली आणि शेजारी पोतं सोडून तो सुपरचार्जर मांडला. हळदकुंकू, झेंडू, वर नारळ. दुसऱ्या दिवशी पोपटराव मिस्त्रीला घेऊन हजर, तर अण्णा म्हणतात, "आता पूजेला बसलंय, लगीच कसं उठवायचं?" दिवाळीत दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी. थंडीत म्हणे जुनं इंजिन उघडू नये. उन्हाळ्यात रेडिएटर उकळंल. सुपरचार्जर परत पोत्यात गेला, पोत्यावर काकींनी लोणच्याची बरणी ठेवली.

वाद घालायला अण्णांकडं मुद्दे चांगले होते, नाही असं नाही. जुन्या पिस्टनवर एवढा दाब टाकला तर हेड गॅस्केट उडेल. चढणीवर गाडी मुंगीच्या पावलानं चालते, वारा लागत नाही, इंजिन तापेल. राडीत ताकद जास्त झाली तर चाकं जागेवर फिरून खड्डा करतात. सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही कारण त्यांचं नव्हतं.

गंमत म्हणजे सुपरचार्जरच्या बाजूनं सगळ्यात मोठा आवाज काकींचाच. "लावा की एकदाचं! माझी अडगळ तरी जाईल. दर ऐतवारी वळणावर येऊन मान टाकती गाडी. मी वर घसा फोडती त्याचं काय?" त्यांना खरंच वाटत होतं की इंजिनात दम नाही. अण्णा माझ्याकडं बघायचे, मी भाकरीकडं.

पुढच्या पावसाळ्यात पोपटरावांचा धीर सुटला. माळावर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आज निकाल लावू. माझी जीप घ्या. सुपरचार्जर बसवलेली हाय, सकाळीच मी हेडमास्तर चढून आलोय. तुम्ही चालवा, काकी वर उभ्या राहतील. चढली तर उद्या मिस्त्री तुमच्या दारात. न्हाय चढली तर मी पोतं परत नेतो आणि जन्मात नाव काढत न्हाय."

टोळीनं शिट्ट्या मारल्या. काकी तर वर चालायला लागल्याही. अण्णा जागचे हलेनात. मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "डाक्टर, बस मागं," एवढंच म्हणाले. बॉनेट वाजवलं नाही.

पाऊस भुरभुरत होता. पोपटरावांची जीप शीळ घालत उठली ती थेट वळणावर. ताकद विचारू नका, माझं डोकं मागच्या दांडीवर आपटलं. समोर पिवळा रेनकोट. आणि आवाज आलाच, "डावं! डावं घ्या!"

एक क्षण होता. उजवीकडं खडकाला लागून वाट मोकळी होती. बाजूला वाकल्यावर मला दिसत होती म्हणजे अण्णांनाही दिसत होती. पाय उचलला असता तर शिट्टी पडली असती. मी मागून बघत होतो. अण्णांनी पाय उचलला नाही. त्यांनी शांतपणे स्टिअरिंग डावीकडं फिरवलं, जेवढं काकींनी सांगितलं तेवढं, आणि आम्ही धाडकन ओघळात गेलो. पोपटरावांची गाडी एका अंगावर कलंडून बसली. शिट्टी वाजतच होती. मी सीटखाली.

खालून सगळे पळत आले. अण्णा ओरडायला लागले, "माझा पाय जड पडला! उधळलं यंत्र! लगाम न्हाय ह्याला! माझंच चुकलं!" कालपर्यंत दम नाही म्हणून ओरडणारा माणूस आज दम जास्त झाला म्हणून ओरडत होता. कुणी विचारायच्या आतच.

काकी वरून उतरल्या. हातानं खडक चाचपत, पाय टाकायच्या आधी बुटानं जमीन बघत. गाडीपाशी येऊन थांबल्या. मग मान पुरी वळवून त्यांनी ओघळ बघितला, चाकं बघितली, उजवीकडची मोकळी वाट बघितली. बराच वेळ बघितली.

"अवो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाट दिसत हुती न्हवं?"

अण्णांनी मान डोलावली.

"मग डावं का घेतलं?"

"तू म्हणलीस की," अण्णा म्हणाले. आवाज एवढा बारीक, की तो अण्णांचा आहे हे पटेना.

काकींनी रेनकोटाची टोपी मागं टाकली. मला वाटलं आता रडतात. छे! त्या टोळीकडं वळल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ऐका. मला बाजूचं दिसत न्हाय. काचबिंदू हाय. लई दिवसांपासनं हाय. मला वाटत हुतं ह्यांना ठावं न्हाय. ह्यांना वाटत हुतं मला कळणार न्हाय. आणि हा चष्मेवाला दोघांच्या घरचं जेवून गप बसला." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी अजून सीटखालीच होतो, ते बरं झालं. "तुम्ही आता आपापला माणूस वर उभा करा. पण ह्यांच्यापुढं मीच उभी राहणार. ज्याला पटत न्हाय त्यानं खाली बसून भजी तळावीत."

पोपटरावांच्या डोळ्यांत पाणी आलेलं. ते कलंडलेल्या गाडीकडं बघून आलं का काकींकडं, देव जाणे. शेवटी तेच चाचरत म्हणाले, "मग काकी, त्या यंत्राचं काय करू? परत नेऊ?"

"परत कशाला? लावा की!" काकी म्हणाल्या. "आता काय लपवायचं राहिलंय?"

"अगं, पर तू डावं म्हणलीस तर?" अण्णांनी विचारलं.

"तर जावा डावं. पोपटराव हाईत की दोरी घिऊन."

मिस्त्री आला. सुपरचार्जर बसला. पुढच्या रविवारी अण्णांची जीप पहिल्यांदा शीळ घालत हेडमास्तरला भिडली. मी खाली उभा होतो. ताकद वाढल्यावर वजनाची गरज नाही म्हणून माझी बदली झाली होती. धुकं एवढं उतरलं होतं की वळणापासून वरचं काही दिसत नव्हतं. नुसती शिट्टी चढत गेलेली ऐकू आली, तिच्यावर काकींचा आवाज, मग अण्णांचा, मग दोघांचा एकदम, आणि मग धप्प. पोपटराव दोरी खांद्यावर टाकून चढायला लागले. मी त्यांच्या मागं.

त्या पावसाळ्यानंतरच्या थंडीत अण्णा झोपेत गेले, त्यामुळं तिथं वर जे बघितलं तेच मी त्यांचं जपून ठेवलंय. जीप ओघळात एका अंगावर कललेली. अण्णा खालच्या बाजूला स्टिअरिंगला टेकून, काकी रेनकोटासकट वरच्या सीटवर चढून बसलेल्या, आणि दोघं जोरजोरात भांडत होते की आज खडकाला चाक घासलं का नाही. आमची चाहूल लागली तसा अण्णांनी हात वर केला.

"पोपटराव, सावकाश या," ते म्हणाले. "घाई न्हाय. आम्ही बसलोय हितं."